खोकल्याचे पंधरा दिवस

ही वही ऑपरेशननंतर घेतली. ह्यांनी दिवसभरात किती पाणी प्यायलं आणि किती लघवी झाली ते रोज लिहून आणायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. डाव्या पानावर पाणी, उजव्या पानावर लघवी. सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता लिहिलं नाहीत तरी चालेल. पण माझा हात थांबेना. संध्याकाळी चहाची भांडी घासून झाली की मी वही काढून बसायची आणि लिहायला काही नसायचं. उठायची, परत बसायची. म्हणून आता हे लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंतची. अक्षर बरं आहे असं मुलगी म्हणते. वही गव्हाच्या डब्यामागे असते, तिथे माझ्याशिवाय कोणी हात घालत नाही.

आमचा पुण्याजवळ मांजरी गावाला ऊस आहे. पूर्वी जास्त होता, आता अर्ध्या रानात बारा मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत आणि त्यांच्या सावलीत राहिलेला ऊस आहे. ह्यांचं सगळं आयुष्य त्या उसाला पाणी देण्यात गेलं. आणि त्याच माणसाला डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला अर्धा लिटर पाणी, चहा धरून. किडन्या गेल्या होत्या. मी देवघरातलं फुलपात्र काढलं आणि त्याने पाणी मोजून द्यायला लागले. सकाळी एक, जेवताना एक, गोळीला अर्धं. हे पाटाच्या कडेला बसून वाहणारं पाणी बघत बसायचे. मला ते बघवायचं नाही, मी घरात निघून यायची आणि उगीच डबे पुसायची.

आठवड्यातून तीन दिवस हडपसरला डायलिसिस. एका वेळी चार तास. त्या चार तासांत मी बाहेरच्या बाकावर कधी टेकले नाही. खाली जायची, वर यायची. तिथला वॉचमन म्हणायचा, "मावशी, तुम्हाला बघूनच मला दम लागतो. बसा की."

दोन वर्षं असं चाललं. मेलेल्या माणसाची किडनी मिळते, त्या यादीत ह्यांचं नाव होतं. यादी पुढे सरकत नव्हती. मग पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी आम्हाला सगळ्यांना एकदा बोलावलं. सासूबाई, दीर, मी, मुलगी आणि हे. डॉक्टर मोजकं बोलणारे होते. त्यांनी विचारलं, "घरातून कोण देणार?"

सासूबाईंना साखर, वयही झालेलं. मुलगी म्हणाली, मी देते. तिला सासूबाईंनी आणि मी एकदमच गप्प केलं, ते एकच काम आम्ही दोघींनी मिळून केलं असेल. दीर खिशातला मोबाईल काढून बघायला लागले. मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. डॉक्टरांनी कागदावर माझ्या नावापुढे खूण केली.

मला कोणी विचारलं नाही, हे त्या वेळी माझ्या लक्षातही आलं नव्हतं. ते पुढे कळलं.

तपासण्या सुरू झाल्या. त्यातली एक चोवीस तासांच्या लघवीची. मोठा पांढरा कॅन देतात आणि दिवसभराची सगळी त्यात साठवून आणायची. मी तो कॅन पिशवीत घालून, वर मेथीची जुडी ठेवून बसने पुण्याला नेला. शेजारची बाई म्हणाली, "मेथी कितीला घेतली?" मी खिडकीबाहेर बघत बसले. सांगायची सोय नव्हती.

मग कळलं की रक्तगट जुळत नाही. ह्यांचा बी, माझा ए. डॉक्टरांनी ते सांगितलं तेव्हा सासूबाईंनी डोक्याला हात लावला. मला हायसं वाटलं. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. नंतर दोन दिवस मी स्वतःला फार वाईट समजत होते आणि तरी भाकऱ्या चांगल्या फुगत होत्या.

आठ दिवसांनी हॉस्पिटलातल्या मॅडमचा फोन आला. ज्यांना किडनी हवी आणि ज्यांना द्यायची, त्यांच्या गाठी घालून देणं, कागद करणं हे त्यांचं काम. त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं. कसबा पेठेत एक जोडपं आहे. नवरा आजारी, त्याचा गट ए, बायकोचा बी. म्हणजे आमच्या बरोबर उलट. माझी किडनी त्याला चालेल, त्याच्या बायकोची ह्यांना. अदलाबदल. हल्ली असं करता येतं, कायद्याने परवानगी आहे, मात्र समितीपुढे दोघींनी आपल्या तोंडाने सांगावं लागतं.

सासूबाई म्हणाल्या, "म्हंजी आपली किडनी परक्याच्या अंगात? अन् त्यांची माझ्या लेकाला? ती माणसं कोण कुठली, मुसलमान हायती म्हनं."

डॉक्टर तिथेच उभे होते. म्हणाले, "आजी, तुमच्या मुलाचं नाव दोन वर्षं यादीत आहे. त्या यादीतून आली तर कोणाची आली हे आम्ही सांगतही नाही. तेव्हा चालणार होती ना?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. त्या विषयावर त्या पुन्हा बोलल्या नाहीत.

मी मॅडमना एकच विचारलं, तेही मुलीच्या कानात, आणि मुलीने मोठ्याने सांगितलं. "आई विचारतेय, एकीची काढून झाली आणि दुसरी नाही म्हणाली तर?"

"म्हणून दोघींना एकाच वेळी आत घेतात," मॅडम म्हणाल्या. "शेजारी शेजारी दोन ऑपरेशन थिएटर. इकडे भूल दिली की तिकडे भूल. आणि भूल द्यायच्या मिनिटापर्यंत दोघींपैकी कोणीही नाही म्हणू शकते."

मला ते शेवटचं वाक्य अंगावर आल्यासारखं झालं. नाही म्हणता येतं, एवढंच कानात राहिलं.

त्या बाईची आणि माझी पहिली भेट कागद जमवताना झाली. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, उंच, आवाज खणखणीत. तिच्या नवऱ्याचं छत्र्या आणि बॅगा दुरुस्त करायचं दुकान होतं, आणि तो आजारी पडल्यापासून तीच बॅगांना चेन बसवून देत होती. मी तिला म्हटलं, मराठी छान बोलता. ती म्हणाली, "ताई, आम्ही सात पिढ्या कसब्यात. तुमच्या मांजरीत तेव्हा पुण्याची माणसं वाट चुकली तरच यायची."

समितीला लग्नाचा फोटो लागतो, नवरा-बायको खरे आहेत हे दिसायला. तिचा फोटो छान होता, ती कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. माझ्या फोटोत मुंडावळ्या, मान खाली, चेहरा कुठेच नाही. सगळ्या अल्बममध्ये एकही फोटो असा नव्हता की ही मीच म्हणून कोणी ओळखेल. शाळेच्या दाखल्यावर नाव माहेरचं, आणि रेशन कार्डावर लग्नात तांदळात लिहून ठेवलेलं दुसरं. मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो ताई, तुम्ही आहात हेच आधी सिद्ध करावं लागणार आहे." शेवटी वकिलाकडून प्रतिज्ञापत्र केलं.

समितीच्या दिवशी आम्ही अकरा वाजल्यापासून बाहेर बसलो होतो. म्हणजे बाकीचे बसले होते. बाकावर दुसऱ्या पेशंटचे नातेवाईक होते, त्यातला एकजण तावातावाने बोलत होता. "बायको नवऱ्याला देतेय, तिसऱ्याचा संबंध काय? तीन महिने झाले फेऱ्या मारतोय. कायदा ढिला केला पाहिजे. माणूस मेल्यावर परवानगी देणार का?"

शेजारचे म्हातारे गृहस्थ, मास्तर असावेत, त्यांनी चष्मा न काढता विचारलं, "तिसरा नसला तर दुसरी काय बोलणार?"

"म्हणजे?"

"काही नाही. तुम्ही पुरुष घेणारे आहात, त्या बायका देणाऱ्या आहेत. आज सकाळपासून इथे उलटं एकही पाहिलं नाही मी."

मला दोघांचंही खरं वाटलं. ह्यांचे पाय त्या दिवशी इतके सुजले होते की चपलेचा पट्टा लागत नव्हता. उशीर आम्हालाही परवडणारा नव्हता.

आधी तिला आत बोलावलं. पंधरा मिनिटांत बाहेर आली, माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "काही नाही हो, टकाटक."

मग मी. घरातलं एक मोठं माणूस सोबत आत यावं, त्यांना ऑपरेशनची माहिती आहे हे नोंदवायला, असं होतं. सासूबाई आल्या आणि भिंतीकडच्या खुर्चीवर बसल्या. लांब टेबल, पलीकडे सहा माणसं, त्यांत दोन बायका. कोपऱ्यात स्टँडवर कॅमेरा, त्याचा लाल दिवा लागलेला. मला नवऱ्याचं नाव सांगायला लावलं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर नाही. मी घेतलं. आवाज चिरकला, पण घेतलं. वाटलं, अवघड ते झालं.

टेबलाच्या मध्ये बसलेले साहेब म्हणाले, "ताई, किडनी द्यायचं तुम्ही स्वतःच्या मर्जीने ठरवलं आहे का? घरातून कोणी दबाव आणला आहे का?"

मी सासूबाईंकडे बघितलं.

आमच्या घरात अशी रीत आहे. पाहुणा येवो, तलाठी येवो, सुनेला काही विचारलं की तिने आधी सासूकडे बघायचं. सासूने डोळे मिटून उघडले की बोलायचं. हे मला कोणी शिकवलं नाही, लग्न होऊन आल्यावर आठवड्याभरात आपोआप अंगात आलं. चोवीस वर्षं मी असंच करते. आज किती लिटर दूध घालणार हे न्यायला आलेल्या गवळ्याने विचारलं तरी माझी मान आधी ओसरीकडे वळते. त्यात धाक असतो असं नाही. जिना उतरताना कठड्याला हात जातो, तसं ते आहे.

पण सासूबाईंनी डोळे मिटले नाहीत. त्या बोलल्याच. "तिला काय इचारताय सायेब. आमचं घरात ठरलंय."

टेबलापलीकडच्या दोघी बायकांनी एकमेकींकडे बघितलं. साहेब म्हणाले, "आजी, प्रश्न तुम्हाला नाही. ताई, तुम्ही सांगा."

आणि माझी मान पुन्हा तिकडेच गेली. मला कळत होतं की जाऊ नये. तरी गेली. मग मी म्हणाले, नाही, दबाव नाही. पण ते कोणी लिहून घेतलं नाही. त्याच्या आधीच सगळ्यांची पेनं चालून थांबली होती.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरूनच समजलं. "फाईल थांबवली आहे. देणाऱ्याची मर्जी स्पष्ट होत नाही, असं लिहिलंय."

कसब्याची ती बाई उठून सरळ माझ्यापुढे आली. "ताई, देवाने तोंड दिलंय ना तुम्हाला? एक 'हो' म्हणायचं होतं. कशाला सासूच्या तोंडाकडे बघितलं? तिची किडनी होती का?"

"जाऊ दे," तिचा नवरा म्हणाला. पहिल्यांदाच मी त्याला नीट बघितलं. बारीक, गालफडं बसलेला, माझ्या किडनीचा धनी. त्याने पाणी मागितलं. तिने माझ्याशी भांडता भांडताच बाटलीचं झाकण काढलं, झाकणात पाणी ओतलं आणि त्याला दिलं. आमच्याकडे फुलपात्र होतं, त्यांच्याकडे झाकण.

बसमध्ये सासूबाई म्हणाल्या, "म्या काय वाईट बोलले? ठरलंय तर ठरलंय म्हनलं." मी मांजरीपर्यंत उभीच राहिले, जागा असून.

दहा दिवसांनी मॅडमनी मला एकटीलाच बोलावलं. चहा मागवला, दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, "हे मी प्रत्येकीला सांगते, तुम्हालाच असं नाही. तुम्हाला द्यायची नसेल तर मला सांगा. कारण सांगू नका. डॉक्टर घरच्यांना एवढंच सांगतील की तुम्ही तपासणीत बसत नाही. तुमच्या मिस्टरांनासुद्धा कधी कळणार नाही."

"खोटं सांगाल?"

"जिला द्यायची नाही ती बसतच नाही. यात खोटं काय आहे?"

"आणि ते दुसरे?"

"त्यांनाही तेवढंच कळेल, जोडी जमली नाही. तुमच्यावर कोणी बोट ठेवणार नाही."

चहावर साय धरली. मी म्हणाले, "विचार करते." हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला म्हणाले असेन. माझ्याकडे विचार करायला असं कधी काही ठेवलंच नव्हतं. माझं नाव बदललं ते मला लग्नाच्या मांडवातच कळलं होतं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मला धड सांगता येत नाही. हातातलं काम अर्धं टाकून मी दुसरं धरायची. दोन वेळा भाजीत मीठ घातलं. एकदा गाईचं दावं सोडलं आणि का सोडलं तेच आठवेना. नाही म्हटलं तर कोणाला कळणार नाही, हे सारखं डोक्यात. हे त्याच यादीत राहतील, आठवड्यातून तीनदा हडपसर, आणि मी पोळ्या करत राहीन, आणि मलाच फक्त माहीत असेल. मग वाटायचं, पोट फाडायचं माझं, उद्या माझी उरलेली एक बिघडली तर मला कोण देणार? माझ्यासाठी कोणाच्या माना कोणाकडे वळतील? मी ते मनात करून बघितलं. सगळे मोबाईल काढून बघत होते.

आणि ह्यांचा रागही यायचा. पाय सुजलेल्या माणसाचा राग करू नये, पण यायचा. एकदाही हे मला म्हणाले नव्हते की दे. एक दिवस दुपारी हे बाजेवर बसले होते, मी तोंडी लावायला बर्फाचा खडा दिला आणि विचारून टाकलं.

"अहो, तुम्ही मला कधी मागितली नाहीत."

"काय?"

"किडनी."

ह्यांनी बर्फ या गालातून त्या गालात घेतला. मग म्हणाले, "तो काय चहा हाय का मागायला?"

"चहा तरी कुठे मागता. कप वाजवता."

ह्यांना हसू आलं, आणि हसताना धाप लागली. मी पाठ चोळली. धाप बसल्यावर म्हणाले, "मागितली असती तर तू न्हाई म्हनली असतीस का?"

"नाही."

"मग मागण्यात काय अर्थ? ते घेतल्यासारखंच झालं. म्हनून मागत न्हाई." आणि थोड्या वेळाने, उसाकडे बघत, "तू नको म्हन. मला चालंल. म्या इतकी वर्षं काय इचारलं न्हाई तुला. आता ह्ये तरी इचारायला नको."

सरळ वाक्य नव्हतं ते. पण मला समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यातून मॅडमना फोन केला. म्हणाले, "मला समितीपुढे परत बोलायचंय. सासूबाईंना आत बोलावू नका. मुलीला पण नको."

मॅडमनी पुढच्या आठवड्याची तारीख घेतली. मी घरात कोणाशी बोलत नव्हते, पण गोठ्यात गाईपुढे उभी राहून मोठ्याने बोलायची तयारी करत होते. गाय सारखी कान हलवायची. आणि तारखेच्या आदल्या दिवशी फोन आला. त्या बाईंना खोकला झालाय. खोकला असताना भूल देत नाहीत, तेव्हा समितीही पंधरा दिवस पुढे.

पंधरा दिवस. नवव्या दिवशी ह्यांच्या छातीत पाणी झालं. झोपता येईना, बोलता येईना, ओठ निळे. रिक्षाने हडपसरला नेलं, तिथून ॲम्ब्युलन्सने पुण्याला. तीन दिवस अतिदक्षता विभागात. मी काचेबाहेर उभी होते. आता मी ठरवलं होतं आणि आता माणूसच जातो की काय असं झालं. आपण लवकर बोललो असतो तर, हेच एक डोक्यात. त्या पहिल्या दिवशी मान वळली नसती तर. दोष सगळा मी माझ्याच पदरात बांधून घेतला होता.

त्या बाईचा नंबर माझ्याकडे होता. मी फोन लावला आणि म्हणाले, "अडुळशाची पानं मिळाली तर काढा करून घ्या. मध घाला. गार काही खाऊ नका." ती जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "हो ताई, घेते." तिच्या आवाजावरून खोकला कमी वाटला. मला बरं वाटलं. मी परत दोन दिवसांनी केला. "ज्येष्ठमध चघळा." "हो ताई."

हे त्यातून निघाले. समिती झाली. या वेळी मी एकटीच आत. खुर्ची भिंतीकडेच होती, रिकामी. माझी मान तिकडे वळायला निघाली होती, मी तिला धरून ठेवलं. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं, त्याला घाम आला होता.

साहेबांनी तेच विचारलं. मी म्हणाले, "दबाव नाही. मला कोणी विचारलंच नव्हतं. मी वाट बघितली कोणी विचारेल म्हणून. मग मॅडमनी विचारलं. मग मी ठरवलं."

टेबलापलीकडची एक बाई म्हणाली, "तुमची किडनी तुमच्या मिस्टरांना लागणार नाही, दुसऱ्याला लागणार आहे, हे माहीत आहे?"

"माहीत आहे. ते झाकणाने पाणी पितात."

ती बाई मॅडमकडे बघायला लागली, पण मॅडमनी काही समजावून सांगितलं नाही.

"आणि का देताय, तुमच्या शब्दांत सांगाल?"

याची मी गाईपुढे तयारी केली होती, सगळी विसरले. म्हणाले, "ह्यांच्याशी मी आत्ता कुठे बोलायला लागलेय."

लाल दिवा बंद झाला. पेनं चालली.

ऑपरेशनचं फार आठवत नाही. दोन स्ट्रेचर शेजारी शेजारी होती, तिचं आणि माझं. भूल देणारे डॉक्टर आले, त्यांनी पुन्हा एकदा दोघींना विचारलं, द्यायची ना? मी हो म्हणाले. तिने छताकडे बघत हो म्हटलं, माझ्यानंतर, जरा थांबून. पोटाला तीन छोटी भोकं आणि खाली एक बोटभर चीर, दुर्बिणीने करतात, म्हणून चौथ्या दिवशी मी चालत होते. हे काचेपलीकडे होते. नर्सने त्यांना पाण्याची बाटली दिली, अख्खी, आणि म्हणाली, प्या. हे बाटली हातात धरून माझ्याकडे बघत राहिले, परवानगी मागितल्यासारखे. मी डोळे मिटून उघडले.

दोन वर्षं झाली. चौघांनाही तपासणीला जावं लागतं, आणि मॅडम शक्यतो आमची तारीख एकच देतात. गेल्या महिन्यात दोघे पुरुष रक्त द्यायला आत गेले होते आणि आम्ही दोघी बाहेर होतो. बाजूला एक सून बसली होती, विशीतली, मांडीवर फाईल, शेजारी सासू. समितीची वेळ त्यांची होती. कसब्याची बाई त्या सुनेकडे बराच वेळ बघत होती. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"ताई, तुम्हाला पण मॅडमनी आत बोलावून सांगितलं होतं? नको असेल तर आम्ही सांगू म्हणून?"

"हो."

"मला पण. समितीत मी टकाटक बोलून आले होते. पण तुमची फाईल अडकली, मग घरी बसून विचार करायला वेळ मिळाला." तिने हातातली चेन, बॅगेचीच कुठलीतरी सुटी, उघडली, लावली. "तो खोकला नव्हता, ताई."

मला आधी कळलंच नाही.

"मी मॅडमना म्हटलं होतं, मला नाही द्यायची. त्या म्हणाल्या, ठीक आहे, पण एकदम सांगायच्या आधी पंधरा दिवस घ्या, तोवर खोकला सांगू. माझी दोन पोरं आहेत, ताई. बॅगांची सगळी शिवण माझ्या अंगावर. मला भीती वाटली. मी तर सगळ्यांना जोरजोरात बोलणारी, मला भीती वाटते हे कोणाला खरं वाटलं असतं? आणि तुम्ही काढा सांगत होता फोनवर." तिने चेन परत उघडली. "दुसऱ्या फोननंतर मी मॅडमना परत गेले."

माझ्या डोळ्यापुढे ह्यांचे निळे ओठ आले. नववा दिवस. ती काच. मी उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. राग आला होता, खरा आला होता. आणि त्याच वेळी माझ्या विचार करण्याच्या दिवसांची आठवण आली, मीठ दोनदा घातलेली भाजी, कोणाला कळणार नाही हे सारखं घोळवलेलं. मी नाही म्हटलं असतं तर झाकणवाला गेला असता, आणि ती मला खोकल्याची औषधं सांगत बसली असती.

"राग आला?" तिने विचारलं.

"आला."

"येऊ द्या." ती सरकली आणि बाकावर जागा केली. मी बसले नाही, पण तिच्याजवळ उभी राहिले. समोर त्या विशीतल्या सुनेचा पुकारा झाला. ती उठली आणि आधी सासूकडे बघितलं. आम्ही दोघीही एकदम पुढे झालो, दोघींनाही काहीतरी सांगायचं होतं, पण मॅडम दारातच होत्या. त्यांनी सासूला हाताने थांबवलं आणि म्हणाल्या, "आजी, आपण बाहेर बसा. आधी त्या एकट्या." दार लागलं.

हे रक्त देऊन आले, दंडावर कापूस दाबून, दुसऱ्या हातात बाटली. येता-जाता घोट घेतात आता, सवयच लागली आहे. ती बाई आपल्या नवऱ्याला हात द्यायला पुढे गेली, तेव्हा हे मला हळूच म्हणाले, "त्या बाईंचा खोकला बरा हाय का गं आता? तेव्हा लई दिवस होता. तपासून घ्या म्हनावं."

हे मी वहीतसुद्धा आज पहिल्यांदा लिहिते आहे, ह्यांना सांगितलेलं नाही. त्या वेळी एवढंच म्हणाले, "बरा आहे. गेला तो," आणि बाटलीचं झाकण लावायला घेतलं, ते हातात दोनदा फिरलं आणि खाली पडलं.